.32 पिस्तूल : भरलेलं मॅगझिन बसत नाही, मधली गोळी अडकते, स्लाइड उघडी राहत नाही

कातळसडा (देवगड)

नमस्कार मंडळी. वारसाने रीतसर माझ्या परवान्यावर आलेलं बत्तीस बोरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. जुनं आहे, पण नळी आतून स्वच्छ, रायफलिंगच्या खाचा ठळक. हॅमर (ठोका देणारा घोडा) बाहेर आहे, मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाशी मागच्या बाजूला. सराव फक्त रेंजवर. अडचणी अशा :

स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) बंद असताना पूर्ण भरलेलं मॅगझिन आत सारलं तर खटका बसल्यासारखा वाटतो, पण स्लाइड ओढून सोडली तरी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचं, गोळी बसायचं घर) रिकामंच राहतं. एक गोळी कमी भरली तर असं होत नाही.

अधूनमधून दुसरी किंवा तिसरी गोळी तोंड खाली करून अडकते. स्लाइड अर्ध्यात थांबते आणि गोळी पुढे ढकलूनही हलत नाही. पोकळ टोकाच्या गोळ्यांत हे जास्त होतं, गोल टोकाच्या पूर्ण जॅकेटवाल्यांत (शिशावर धातूचं कवच असलेल्या) क्वचित.

शेवटची गोळी गेली की स्लाइड मागे राहते, पण मॅगझिन काढताच फटकन पुढे येते. बाहेर स्लाइड स्टॉपचा खटका नाही. काहीतरी झिजलंय का?

आणि पाऊस सुरू झाल्यापासून मॅगझिनच्या आत तांबूस डाग दिसतायत.

हे दुरुस्तीला न्यायचं, की हाताळणीतच काही बदलायचं?

---

सावित्रीकाठ (महाड)

दुरुस्तीला नेण्याआधी मॅगझिन हातात घ्या. गोळी न चढण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये नाहीतर स्लाइड सोडणाऱ्या हातात असतं, नळीत फार क्वचित.

आधी तुमचा दुसरा मुद्दा घेतो, कारण खरी मेख तिथे आहे. बत्तीस बोरची, म्हणजे 7.65 मिमीची गोळी सेमी-रिम्ड असते. बुडाची कड साधारण 9.1 मिमी आणि तिच्या पुढे पुंगळीचं अंग साधारण 8.5 मिमी. कड प्रत्येक बाजूला पाव मिमीच्या आसपास बाहेर येते. हाताला जेमतेम जाणवते, पण भांडण लावायला तेवढी पुरते. मॅगझिनमध्ये गोळ्या एकीवर एक बसतात तेव्हा वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे पडली, तर वरची गोळी पुढे सरकू लागताच खालचीच्या कडेला अडते. मग स्लाइडने कितीही जोर लावला तरी ती सुटत नाही, उलट आणखी घट्ट बसते. हाच रिमलॉक.

पोकळ टोकाच्या गोळ्यांत तो जास्त का? ही मॅगझिनं जवळपास 25 मिमी लांबीच्या गोळीसाठी बनलेली असतात. पोकळ टोकाची गोळी बऱ्याचदा दीड-दोन मिमी आखूड असते. तेवढ्या मोकळ्या जागेत गोळ्या पुढे-मागे सरकतात. बार झाला की पिस्तूल झटक्याने मागे येतं आणि आतल्या गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात, म्हणजे मॅगझिनच्या हिशोबाने पुढे सरकतात. खालची गोळी वरचीपेक्षा जास्त सरकली की कडांचा क्रम उलटला. पहिली गोळी नीट जाते आणि घोळ दुसरी-तिसरीला होतो, त्याचं कारण हे. पूर्ण लांबीची, गोल टोकाची, पूर्ण जॅकेटची गोळी वापरा. या कॅलिबरच्या जुन्या पिस्तुलांची फीड रॅम्पसुद्धा (गोळीला चेंबरमध्ये चढवणारा उतार) त्याच आकारासाठी घासलेली असते.

अडकलं तर काय करायचं : नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. स्लाइड मागे ओढून धरा, मॅगझिन खेचून काढा, मग चेंबर डोळ्यांनी बघा. आता मॅगझिनमधल्या वरच्या गोळीला पुढे ओढत बसू नका. तोंडाकडच्या फटीतून लाकडी काडी घालून खालची गोळी दाबून धरा, तिची कड खाली उतरते आणि वरची सुटते. स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको. प्रायमरला (बुडातल्या स्फोटक टोपीला) टोक लागलं तर गोळी हातातच उडेल, आणि फीड लिप्सवर (मॅगझिनच्या तोंडाच्या, गोळी धरून ठेवणाऱ्या कडांवर) ओरखडा गेला तर मॅगझिन कायमचं बिघडेल. काडीने नाही सुटलं तर तळपट्टी सरकवून गोळ्या खालून काढा. त्या वेळी स्प्रिंगवर अंगठा दाबून ठेवा, चष्मा लावा, ती जोरात उडते.

भरताना प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या पुढच्या भागावर ठेवून खाली दाबायची आणि मग लिप्सखाली मागे सरकवायची, थेट पाठीला टेकेपर्यंत. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा थोपटा. मॅगझिन तिरकं असल्यामुळे सगळी बुडं पाठीला टेकली की वरची कड आपोआप खालचीच्या पुढे येते.

पहिला मुद्दा सोपा आहे. स्लाइड बंद असते तेव्हा वरच्या गोळीला स्लाइडच्या पोटाखाली दबून बसावं लागतं. मॅगझिन पूर्ण भरलेलं असेल तर स्प्रिंगमध्ये दबायला जागाच उरलेली नसते. तळाचा खटका अर्धवट धरतो, मॅगझिन दोन-तीन मिमी खाली लोंबतं आणि स्लाइड गोळीच्या डोक्यावरून निघून जाते. स्लाइड मागे धरून मॅगझिन घाला, तळव्याच्या टाचेने ठामपणे ढकला, आणि मग तळपट्टीला धरून खाली ओढून बघा. ओढूनही हललं नाही तरच बसलं. खटक्याच्या आवाजावर विसंबू नका. एक गोळी कमी भरली तर बिघडत काहीच नाही.

आणि स्लाइड हाताने पुढे सोबत करत नेऊ नका. ब्लोबॅक पिस्तुलात नळी आणि स्लाइडला कुलूप नसतं, चेंबर बंद धरतात ते फक्त स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग. म्हणून ती स्प्रिंग कडक असते आणि गोळी चढवायला तिचा पूर्ण वेग लागतो. शेवटपर्यंत मागे ओढा आणि सरळ सोडून द्या. जड जात असेल तर स्लाइड जागेवर धरून मुठीचा हात पुढे ढकला. चेंबर रिकामं असताना आधी हॅमर मागे घेतला तर ओढणं बरंच हलकं वाटतं, कारण तेव्हा स्लाइडला हॅमरची स्प्रिंग दाबावी लागत नाही.

---

खाडीपल्याड (अलिबाग)

वरचं सगळं बरोबर आहे. मी स्लाइडबद्दल लिहितो, कारण जिवाशी गाठ तिथे आहे.

तुमचं काही झिजलेलं नाही. शेवटच्या गोळीनंतरच्या वागण्यावरून जुन्या पिस्तुलांचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिल्यात स्लाइड स्टॉप असतो, मॅगझिन काढलं तरी स्लाइड मागेच राहते. वॉल्थर पीपीसारख्यात तो आतच असतो, बाहेर खटका नसतो. नवं मॅगझिन घालून स्लाइड थोडी मागे ओढून सोडायची. दुसऱ्यात स्वतंत्र स्टॉप नसतोच, मॅगझिनचा फॉलोअरच (गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी) स्लाइडला अडवतो. मॅगझिन निघालं की अडसर गेला, स्लाइड पुढे. तुमचं या प्रकारातलं दिसतंय. तिसऱ्यात काहीच नसतं. कोल्टच्या 1903 च्या मॉडेलसारखी स्लाइड रिकाम्या चेंबरवर बंद होते आणि पुढचा ट्रिगर नुसता टक् वाजतो.

दुसऱ्या प्रकारात दोन गोष्टी सांभाळायच्या. स्लाइडच्या पूर्ण दाबाखालचं मॅगझिन घट्ट निघतं, म्हणून एका हाताने स्लाइड किंचित मागे ओढून धरा, अंगठ्याने तळाचा खटका दाबा आणि तर्जनीने तळपट्टी खाली ओढा. त्याला दोन्ही हात लागतात. तळाच्या खटक्याचं मॅगझिन आपोआप गळून पडत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. दुसरं म्हणजे फॉलोअरची मागची कड तपासा. वर्षानुवर्षं स्लाइड आपटून ती गोल होते, मग कधी अडते, कधी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंद स्लाइड काहीच सांगत नाही. आत गोळी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं धरून चालणं हे चुकून गोळी सुटण्याचं नेहमीचं कारण आहे. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर ट्रिगर निकामी होतो, काहींत होत नाही. जुन्या पिस्तुलात तो भाग कुणी काढून टाकलेलाही असू शकतो.

रिकामं करताना क्रम कायम हाच : आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. उलट केलंत तर स्लाइड चेंबरमधली गोळी बाहेर फेकते, पुढे येताना मॅगझिनमधली दुसरी उचलते, आणि मग तुम्ही मॅगझिन काढता. हातात भरलेलं पिस्तूल आणि मनात ते रिकामं. मॅगझिन काढल्यावर स्लाइड तीनदा पूर्ण ओढा, मागे धरून चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. रात्री वीज गेलेली असताना डोळ्यांपेक्षा बोट भरवशाचं. बाहेर पडणारी गोळी इजेक्शन पोर्टवर (पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर) तळहात ठेवून झेलू नका. स्लाइड निसटली तर प्रायमर इजेक्टरवर (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या टोकावर) आपटू शकतो. पडू द्या खाली.

---

कातळसडा (देवगड)

दोघांचेही मनापासून आभार. व्हर्नियरने मोजलं. पोकळ टोकाच्या गोळ्या 23 मिमीच्या जरा वर, गोल टोकाच्या 24.8 च्या आसपास. पण गोल टोकाच्यांतली एक गोळी 24.1 भरते आणि तिच्या बुडाच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या नखाचे) बरेच ओरखडे आहेत. ती वापरावी का?

शिवाय गंजाचं सांगा. घरी खोबरेल आहे, शिवणयंत्राचं तेलही आहे. आणि आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं तर काय काळजी घ्यायची?

---

सावित्रीकाठ (महाड)

ती गोळी वापरू नका. वेगळी काढून परवानाधारक विक्रेत्याकडे द्या. एकच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवली-उतरवली की दर वेळी तिचं टोक फीड रॅम्पवर आदळतं आणि बुलेट (गोळीचा नळीतून सुटणारा पुढचा भाग) पुंगळीत मागे दबत जाते. आतली जागा कमी झाली की तीच दारू जास्त दाब तयार करते. ब्लोबॅकला कुलूप नसतं हे वर आलंच आहे, त्यामुळे जादा दाबाचा धक्का थेट स्लाइडला बसतो. पिस्तूल रोज भरून रोज रिकामं करण्याची सवय असेल तर वरची गोळी दर वेळी मॅगझिनच्या तळाशी घाला आणि महिन्यातून एकदा नव्या गोळीशेजारी उभी करून उंची बघा. नखाएवढाही फरक दिसला तर ती बाद.

---

वाऱ्यावरचं (वेंगुर्ले)

खोबरेल नको. आपल्याकडे हाताशी ते असतं म्हणून सर्रास लावलं जातं, पण 24-25 अंशांखाली ते गोठतं आणि महिन्याभरात चिकट होतं. फायरिंग पिनच्या भोकात आणि एक्स्ट्रॅक्टरखाली त्याचा थर बसला की पिन हळू जाते आणि प्रायमरवर ठोका हलका बसतो. शिवणयंत्राचं तेल चालतं, पण ते पातळ. धातूवरून ओघळून जातं, आणि खाऱ्या हवेत त्याची राखण आठवडाभरही पुरत नाही. बंदुकीचंच तेल घ्या, ज्यावर गंजरोधक लिहिलेलं असेल.

किनाऱ्यावर नुसती दमट हवा नसते, वाऱ्याबरोबर मीठ येतं. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून वरून पुसलेलं पिस्तूलही फटींमध्ये गंजतं. पहिल्यांदा गंज दिसतो तो मुठीच्या पट्ट्यांखाली, मॅगझिनच्या आतल्या कोपऱ्यात, नेम धरायच्या पुढच्या माशीच्या खाचेत आणि हॅमरच्या स्प्रिंगवर. मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा मुठीच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून आत पुसा. घामेजलेल्या बोटांचे ठसे ब्लूइंगवर (पोलादाच्या निळसर-काळ्या मुलाम्यावर) दोन दिवसांत तपकिरी उठतात. हातात घेतलं की पुसून ठेवायचं, दर वेळी.

तुमच्या तांबूस डागांसाठी : मॅगझिन सोडवा (तळपट्टी, स्प्रिंग, फॉलोअर), चिंधीवर थोडं रॉकेल घेऊन आतून पुसा, डाग हटला नाही तर तेलात बुडवलेली बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. लिप्सच्या आतल्या कडेला मात्र घासकाम नको, तिथली जाडी कमी झाली की गोळी लवकर सुटते. रॉकेल सगळं तेल काढून टाकतं, त्यामुळे लगेच कोरडं करून तेलाचा थर द्या आणि तोही कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मॅगझिनच्या आत तेल साचू देऊ नका. ते प्रायमरच्या कडेने गोळीत झिरपतं आणि गोळी फुसकी होते. स्प्रिंग परत घालताना वरचं टोक पुढे की मागे हे काढतानाच फोटो काढून ठेवा. उलटी घातली तर फॉलोअर नाक खाली करतो आणि तुमचं जुनं दुखणं नव्याने सुरू होतं.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल शोषतं आणि कमावतानाची क्षारं त्यात राहिलेली असतात. फोमचा डबाही तसाच. सुती फडक्यात गुंडाळून, लोखंडी कुलूपबंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळ्या दाण्यांची गुलाबी झाली, किंवा नारिंगीची हिरवी झाली, की 110-120 अंशांवर दोन तास भाजा, पुन्हा कामाला येतात. गोळ्या वेगळ्या कुलपात, मूळ पाकिटात, पाकीट हवाबंद डब्यात. घरात मुलं असतील तर किल्लीही वेगळ्या जागी.

जमा करायची वेळ आली तर : घरीच रिकामं करा, चेंबर चाचपा, नळीतून तेलाची चिंधी फिरवून आत पातळ थर राहू द्या, बाहेरून जाड तेल. होल्स्टरशिवाय, फडक्यात. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत मिळाल्यावर पहिलं काम, सुकी चिंधी नळीतून तीन-चार वेळा. नळीत साचलेल्या तेलावर बार केला तर दाब वाढतो, नळी फुगू शकते. आणि तपासायला म्हणून बागेत बार काढू नका. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

---

पंचवीस_मीटर (रत्नागिरी)

एका मुद्द्यावर भर. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते हा समज आहे. चांगली स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी ढिली पडत नाही, ती मरते पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने आणि गंजाने. किनाऱ्यावर गंजानेच आधी.

दोन मॅगझिनं असतील तर रंगाने 1 आणि 2 लिहा. अडलं की आकडा टिपून ठेवा. दोष एकाच आकड्यावर येत राहिला तर पिस्तुलाला हात लावायची गरज नाही.

इथले बरेच जण .22 नेही सराव करतात, त्यांच्यासाठी : .22 ची गोळी पूर्ण रिम्ड आहे, रिमलॉक तिथे आणखी सहज होतो. मॅगझिनच्या बाजूचं बटण तळापर्यंत ओढून गोळ्या ओतू नका. एका गोळीपुरतं ओढा, एक घाला, पुन्हा थोडं. स्पर्धेत तसंही पाचच भरायच्या असतात. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबणं .22 ला वाईट, पिन थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तिथे खळगा पडतो. डमी गोळी वापरा. आणि मोजलेल्या वेळेच्या सिरीजमध्ये पिस्तूल अडलं तर स्लाइडला हात लावायचा नाही. नळी लक्ष्याकडे, पकड तशीच, मोकळा हात वर. स्वतः सोडवायला गेलात की पुन्हा सिरीज मारायचा हक्क जाऊ शकतो.

---

कातळसडा (देवगड)

शेवटचं विचारतो. दमट हवेत राहिलेल्या जुन्या गोळ्यांनी रेंजवर नुसतं टक् झालं, किंवा आवाज बारीक आला, तर नक्की काय करायचं?

---

सावित्रीकाठ (महाड)

दोन्ही वेगळं समजा.

नुसतं टक् : नळी लक्ष्याकडेच धरून 30 सेकंद थांबा, बोट बाहेर. प्रायमर उशिरा पेटू शकतो. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, गोळी बाहेर. प्रायमरवर पिनचा खळगा बघा. खोल असेल तर गोळी ओली किंवा जुनी. उथळ असेल तर पिनच्या भोकात चिकटा, हॅमरची स्प्रिंग ढिली, किंवा स्लाइड पूर्ण बंद झालेली नव्हती. खळगाच नसेल तर पिन मोडली किंवा अडकली असू शकते.

आवाज बारीक, धक्का कमी, फुस्स : तिथेच थांबा, दुसरा ट्रिगर नाही. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. पुढची गोळी तिच्यावर गेली की नळी फुगते किंवा फाटते. स्लाइड अर्धवट चालली असेल आणि पुंगळी उभी अडकली असेल, तर ती काढून पुढची चढवण्याचा मोह होतो. तोच घात करतो. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, रेंज ऑफिसरला सांगा, स्लाइड उतरवून नळी चेंबरच्या बाजूने उजेडाकडे धरा. आरपार दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर पितळी सळई आणि हातोडी घेऊन घरी बसू नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या. आणि त्या पाकिटातली उरलेली एकही गोळी वापरू नका.

बार नेहमीसारखा झाला आणि फक्त पुंगळी उभी अडकली, तर कारणं वेगळी : मनगट ढिलं, स्लाइडच्या खाचा कोरड्या, किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काजळी. नखाखालची काजळी दात घासायच्या ब्रशने निघते. ती आधी काढून बघा.